तिसऱ्या मजल्यावरून खाली

पुण्याहून परत आले तसे माझ्या मेसमध्ये जेवणारे पोट्टे मागे लागले, "मावशी, काय काय पाहिलं?" शनिवारवाडा पाहिला का, पर्वती चढलात का, बाकरवडी आणली का. बाकरवडी आणली, ती त्यांनी उभ्या उभ्या संपवली. बाकी मी काहीच पाहिलं नाही. आठवडाभर पुण्यात राहून मी एक जिना पाहिला. विश्रांतवाडीतल्या एका बिल्डिंगचा, तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. आता डोळे मिटून सांगेन कुठल्या पायरीचा टवका उडालाय ते. पोट्ट्यांना वाटलं मावशी थट्टा करून राहिली, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

मी नागपूरची. नवरा गेल्यापासून घरात एकटी, जेवायच्या वेळी मात्र घर भरलेलं. माझी मोठी बहीण शांताताई लग्न होऊन पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. भाऊजी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. आधी तिथल्या क्वार्टरमध्ये तळमजल्यावर राहिले, मग निवृत्त होताना विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. वर हवा छान येते म्हणून. लिफ्ट नाही. पण तेव्हा गुडघे शाबूत होते, लिफ्टचा विचार कोण करतो? पुढे भाऊजी गेले, ताईचे गुडघेही गेले, आणि गेल्या पावसाळ्याआधीपासून ताई खाली उतरलीच नाही.

फोनवर ती मला भाजीबद्दल सांगायची. सून प्रज्ञा मोबाइलवरून भाजी मागवते. येते वेळेवर, स्वच्छ, पिशवीत बांधलेली. "पण गं," ताई म्हणायची, "वांगं हातात न घेता विकत घ्यायचं म्हणजे काय?" हे वाक्य ती प्रत्येक फोनला बोलायची. मग मीच ठरवलं. माझं घर तळमजल्यावर आहे, दारात भाजीवाला येतो, बाजूच्या गल्लीत विहार आहे. तिला आपल्याकडे घेऊन यायचं. जाताना माझं एक तिकीट आणि येताना दोन, अशी तयारी करूनच मी निघाले.

विश्रांतवाडी

स्टेशनवर भाचा नितीन आला होता. कंप्युटरवाला आहे, गरीब गाय आहे. गाडीत म्हणाला, "मावशी, आईला न्यायचं तर खाली कसं आणायचं ते बघावं लागेल. मी किती वेळा म्हटलं, पाठीवर घेऊन उतरतो. ऐकतच नाही."

ताई दारातच खुर्ची टाकून बसली होती. मला पाहून रडली, मग लगेच म्हणाली, "किती काळी पडली गं तू! टोपी घालत नाही का उन्हात?" पोहे केले होते. पुण्याचे पोहे म्हणजे साखर घातलेले, वर खोबरं. आमच्याकडे पोह्यांवर तर्री ओततात आणि नाक वाहू लागलं की पोहे जमले असं समजतात. मी म्हटलं, "ताई, हे पोहे आहेत की प्रसाद?" ती म्हणाली, "चाळीस वर्षांत माझी जीभ बाटली. गुपचूप खा."

खाता खाता मी तिकिटांचं सांगितलं. ती बराच वेळ बशीतलं खोबरं गोळा करत बसली. मग म्हणाली, "येईन. इथे बसून तरी काय करून राहिले मी? एकदा नितीनला उचलू दे म्हणते. एकदाच." बॅग भरायला तिने मलाच सांगितलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात जिन्यातून घरघर ऐकू आली. ताई म्हणाली, "आली ती मुलं. खुर्चीवाली."

खुर्चीवाली मुलं म्हणजे कात्रजकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली चार पोरं. शेवटच्या वर्षाला आपल्या गावाच्या, वस्तीच्या उपयोगाचं काहीतरी करून दाखवायचं असतं त्यांना. यांनी लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांसाठी जिना उतरणारी खुर्ची बनवली होती. मुक्ता त्यांची पुढारी, अस्सल पुणेकरीण, बोलणं तोलून-मापून. मशीनचं काम ओंकारचं. तो लातूरचा, हाताला कायम काळं ग्रीस. खुर्चीखाली रणगाड्याला असतात तसे रबरी पट्टे होते, बॅटरीवर चालणारे, आणि ते पायरी पायरी धरून खाली यायचे. भाऊजी असते तर त्या पट्ट्यांपाशीच मांडी घालून बसले असते.

"आजी, आज बसणार ना?" मुक्ताने विचारलं.

"आज गुडघा फार ठणकतोय गं. उद्या बघू," ताई म्हणाली, आणि त्यांच्यासमोर लाडू ठेवले.

मुक्ताने लाडू घेतला, पण तिचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, या बिल्डिंगमध्ये असे सहा-सात आजी-आजोबा आहेत. सगळे कौतुक करतात, चहा देतात, आणि कोणी बसत नाही. त्यांना पडायची भीती वाटते. आम्ही चार एक्स्ट्रा बेल्ट लावले, पाठ अजून मागे कलती केली, चार बाजूंना चार हँडल लावले, चौघं जण धरतो. आता याहून सेफ काय करणार? शनिवारी बाहेरून परीक्षक येणार आहेत. एकाही माणसाने वापरली नाही तर सरळ वर्कशॉपच्या अडगळीत जाईल ती."

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांना अभिप्राय विचारला तर म्हणाले होते, "उत्तम. इतरांसाठी फार उपयुक्त."

मी म्हटलं, दाखवा तरी कशी चालते. ओंकार स्वतः खुर्चीत बसला. बसला म्हणजे जवळजवळ आडवाच झाला. त्याला निवारीच्या पांढऱ्या पट्ट्यांनी छातीपासून घोट्यापर्यंत चार ठिकाणी बांधलं. चौथा कोपरा धरायला नितीन गेला. चौघांनी चार हँडल धरली आणि पाय पुढे करून ओंकारची स्वारी निघाली. कोणी बोलत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष पायऱ्यांकडे. मी मागून चालले होते.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाई दुधाच्या पिशव्या घेऊन वर येत होत्या. यांना पाहिल्याबरोबर त्या भिंतीला चिकटल्या, पिशव्या खाली ठेवल्या आणि ओंकारला हात जोडले.

अगं बाई गं! मला आधी हसू फुटलं, मग अंगावर काटा आला. मी जिन्यातच ओरडले, "अरे पोट्टेहो! तुम्ही तिरडी बांधली की रे!"

खुर्ची थांबली. बांधलेल्या अवस्थेत ओंकारने आधी चार बाजूच्या चौघांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि म्हणाला, "सोडा मला. आधी सोडा."

सरांचं दार उघडंच होतं. ते आतून म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय."

"कधी म्हणालात सर?" मुक्ताने विचारलं.

"मनात."

आता कोण सांगणार? म्हाताऱ्या माणसांनी असलं अभद्र बोलायचं नसतं, तेही एवढ्या हौसेने राबणाऱ्या लेकरांसमोर. म्हणून सगळे गुडघा ठणकतोय म्हणत होते आणि लाडू देत होते. मुलांना वाटायचं भीती आहे, की लावला आणखी एक पट्टा. जितके पट्टे वाढले तितकी ती गोष्ट जास्तच तशी दिसायला लागली.

वर आले तर ताई तोंडाला पदर लावून बसली होती. हसत होती की रडत होती कळेना. म्हणाली, "बोललीस एकदाची. माझी जीभ रेटत नव्हती. मी चौघांच्या हातून एकदाच जाणार आहे गं, रोज रोज भाजीला नाही."

कात्रज

दुसऱ्या दिवशी मुक्ता मला न्यायला आली. "मावशी, तुम्ही स्पष्ट बोलता. वर्कशॉपला चला, आणि जे वाटेल ते बोला." मी सकाळी बेसनाचे गोळे घालून आमच्याकडचा गोळाभात केला, डबा भरला आणि निघाले. बॅग भरायची राहिली ती राहिलीच.

पुण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्कूटरवरून जाणं हा प्रवास मी नागपूर ते पुणे यापेक्षा मोठा धरते. मी नऊवारीतली नसले तरी साडीतली बाई, एका बाजूला पाय सोडून बसले. मुक्ता म्हणाली, "मावशी, दोन्हीकडे पाय टाकून बसा, ते सेफ असतं." मी म्हटलं, "तू समोर बघ." सिग्नलला एका काकांना मुक्ताने थोडं सरकायला सांगितलं, तर ते म्हणाले, "सरकतो की. रस्ता तुमच्या आजोबांनीच बांधलाय ना." नागपूरला अशा वेळी खणखणीत शिवी मिळते आणि विषय संपतो. पुण्यात माणूस घरी जाऊन विचार करतो की मला बोलला की नाही बोलला.

वर्कशॉप म्हणजे मोठी पत्र्याची शेड. कोपऱ्याकोपऱ्यात वेगवेगळ्या पोरांच्या टोळ्या. कचरा वेचणाऱ्या बायकांसाठी काच न लागणारे हातमोजे कोणी शिवत होतं, तर फुटपाथवरच्या भाजीवाल्यांसाठी एका दोरीने उघडणारी सावली कोणी करत होतं. ती सावली मी उघडली तर माझ्याच डोक्यावर पडली. ती पोरगी घाबरून म्हणाली, "सॉरी सॉरी, हेच फिक्स करतोय!" मी म्हटलं, "कर बाई, माझं डोकं मजबूत आहे." खरं सांगू का, त्या शेडमध्ये मला फार बरं वाटलं. आपण बातम्या ऐकून ऐकून आजकालच्या पोरांबद्दल काय काय बोलतो. आणि इथे हे लेकरू दुपारचं जेवण विसरून कोणातरी भाजीवालीच्या डोक्यावरचं ऊन मोजत बसलंय.

गोळाभातावर कच्चं तेल ओतते म्हटल्यावर मुक्ता जरा मागे सरकली. ओंकारने दोनदा घेतला. जेवताना ते माझ्यासमोर वाद घालत होते. पाठ सरळ केली तर माणूस पुढे झुकतो, पट्टे काढले तर घसरतो, तोंड वरच्या बाजूला केलं तर उलटं जाताना चक्कर येते. काहीच जमेना. ओंकार म्हणाला, "मग सोडून देऊ. म्हणजे काय, चार महिने गेले." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दुसरं काय करणार?

निघताना मी स्कूटरवर बसले, नेहमीसारखी एका बाजूला. मुक्ताने किल्ली लावली आणि तिथेच थांबली. वळून माझ्याकडे पाहत राहिली.

"मावशी, उतरा."

उतरले.

"परत बसा. तश्शाच. हात कुठे ठेवता तुम्ही?"

"तुझ्या खांद्यावर, आणखी कुठे?"

"ओंक्या!" ती शेडकडे बघून ओरडली. "टेप आण! आजी स्कूटरवर बसायच्या का हो, मावशी?"

बसायच्या का! खडकी ते विश्रांतवाडी, विश्रांतवाडी ते बाजार, सगळा संसार ताईने भाऊजींच्या स्कूटरवर आडवं बसून केला. डाव्या बाजूला पाय, मांडीवर पिशवी, उजवा हात भाऊजींच्या खांद्यावर. हे मी सांगत होते तोवर ओंकार जमिनीवर खडूने काहीतरी काढायलाही लागला होता.

परतीच्या वाटेवर मात्र माझ्या लक्षात आलं. मी ताईला न्यायला आले होते आणि तिला इथेच ठेवायची सोय करायला मीच निघाले होते. आपल्याच पायावर धोंडा! रात्री पोट्टे जेवून गेल्यावर माझ्या भाकरीला कोणीतरी समोर बसेल, एवढंच मला हवं होतं. मुक्ता काहीतरी बोलत होती, मी नुसतं हूं हूं करत राहिले.

पुन्हा विश्रांतवाडी

दोन दिवस पोरं दिसली नाहीत. तिसऱ्या दिवशी ती नवी खुर्ची घेऊन आली. पाठ सरळ, बसायची जागा आडवी, खाली स्कूटरला असते तशी पाय ठेवायची फळी. पट्टा एकच, कमरेला, जत्रेतल्या पाळण्यात लावतात तसा. चार हँडल काढून टाकली होती. एक जण मागे, एक जण पुढे, बस.

आधी वजनाची परीक्षा म्हणून पाण्याचा मोठा जार बसवला. तिसऱ्या मजल्यावरून निघाला, वळणापर्यंत छान आला आणि वळणावर खुर्ची एका अंगाला कलली. जार सुटला, गडगडत गेला आणि सरांच्या दारात फुटला. सर बाहेर आले, चप्पल भिजलेली पाहिली, आणि म्हणाले, "आज पाणी लवकर आलं."

माझा जीव मुठीत. हा जार ताई असती तर? मी स्वच्छ सांगितलं, "माझी बहीण यात बसणार नाही." ओंकार पायरीवर बसून खुर्चीच्या खालीच बघत होता. मग उठला, म्हणाला, "बरोबर आहे मावशींचं. आडवं बसल्यावर भार एका बाजूला जातो. त्या बाजूचा खालचा रबरी पट्टा रुंद करायला हवा, आणि बॅटरी दुसऱ्या बाजूला." फुटलेला जार उचलून, जिना पुसून ते गेले. पुढच्या दिवशी आले ते दुरुस्ती करूनच. या वेळी पाण्याचा जार आणला नाही. मुक्ता स्वतः बसली आणि तीन वेळा वर-खाली करून दाखवलं. चौथ्यांदा मी बसले. बाई गं, काय सांगू! खाली पोचेपर्यंत मी ओंकारचा खांदा असा आवळला होता की त्याला तिथे माझी बोटं उमटली असतील. पण खुर्ची तसूभरही हलली नाही.

वर आले आणि ताईला म्हटलं, "चालते."

"तू बसलीस?"

"बसले."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मोठी बहीण आहे, तिला सगळं कळतं. "तुला काहून गं वाईट वाटून राहिलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मला काही वाटून नाही राहिलं. उठ, साडी बदल."

निळी साडी नेसली. मांडीवर कापडी पिशवी घेतली, ती जुनीच, भाजीची. बसली, पाय फळीवर ठेवले, आणि तिचा उजवा हात आपोआप पुढे गेला आणि ओंकारच्या खांद्यावर टेकला. एक क्षण ती डोळे मिटून राहिली. मग डोळे उघडून म्हणाली, "चल रे बाबा. वळणावर मात्र जपून. आमचे हे फार जोरात वळवायचे."

ओंकार उलट्या पावली एकेक पायरी उतरत होता, मुक्ता मागून धरून होती. दुसऱ्या मजल्यावर सर दारात उभे. ताई म्हणाली, "काय सर, बाजारातून काही आणू का?" सर म्हणाले, "आधी पोचा तर." पण त्यांनी आत जाऊन चष्मा आणला आणि वरून वाकून शेवटपर्यंत पाहत राहिले. प्रज्ञा माझ्या मागे मुसमुसत होती. मीही रडत होते, लपवायचं कशाला.

खाली उतरल्यावर ताईने वॉकर धरला आणि सरळ फाटकाबाहेरच्या हातगाडीपाशी गेली. भाजीवाल्याने ओळखलं, "आजी! कुठं व्हता इतकं दिस?" तिने एक वांगं उचललं, देठ पाहिलं, दाबून पाहिलं, परत ठेवलं. दुसरं उचललं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. एकानेही घाई केली नाही, आणि हे पुण्यात घडलं.

वर आल्यावर, म्हणजे तीच खुर्ची घरघरत वर चढल्यावर, ताई पाणी प्यायली आणि म्हणाली, "एक तिकीट रद्द कर."

मला राग आला. मीच सगळं केलं आणि तरी राग आला. म्हटलं, "मी एकटी काय करू तिथे?" ती म्हणाली, "तू येत जा. आणि मीही येईन की. आता जिन्यापुरतं तरी अडत नाही. पण न्यायचं म्हणून नको नेऊ मला, मी येते म्हणून येऊ दे." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. राग तिथेच संपला.

परत

शनिवारी मी निघाले. त्याच दिवशी पोरांची परीक्षा होती, म्हणून खुर्ची सकाळी कॉलेजला जायची होती. त्याआधी मुक्ता आणि ओंकारने ताईला खाली आणलं. याआधी मी निघायचे तेव्हा ती वरच्या गॅलरीतून हात हलवायची आणि मला रिक्षातून मान वाकडी करून तो हात शोधावा लागायचा. या वेळी ती फाटकात उभी होती. गाडी निघेपर्यंत माझ्या हातात काय काय कोंबत राहिली. शेवटी एक पिशवी दिली. आत वांगी. मी म्हटलं, "ताई, भरताची वांगी आमच्या भंडाऱ्याकडची. पुण्याहून वांगी नेणारी मी पहिली बाई असेन." ती म्हणाली, "मी निवडलीत. गुपचूप ने."

संध्याकाळी गाडीत मुक्ताचा फोन आला. परीक्षक स्वतः खुर्चीत बसले, उतरले, आणि कॉलेजने अशा आणखी दोन करायला सांगितल्या. एक ताईच्या बिल्डिंगला कायमची, नितीन चालवायला शिकतोय. सरांनी पहिल्या दिवसासाठी नाव नोंदवलं आहे, तेही दुसऱ्या नंबरवर, कारण पहिला जाणारा मूर्ख असतो असं त्यांचं म्हणणं. समोरचा बर्थ, ताईच्या नावाचा होता तो, कोणा दुसऱ्यालाच मिळाला. मी वांग्यांची पिशवी माझ्याच उशाशी ठेवली.

नागपूरला आल्यावर पोट्ट्यांसाठी भरीत करायला घेतलं. वांगी चिरून पाहिली, तर एक किडकं निघालं. चाळीस वर्षं भाजी निवडणाऱ्या बाईने, इतका वेळ गाडी अडवून निवडलेलं! मी लगेच फोन लावला. "ताई, एक वांगं किडकं निघालं."

मग ताईचा आवाज आला, असा खूश आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता.

"हो? बरं झालं सांगितलंस. थांब, उद्याच खाली जाते आणि त्या भाजीवाल्याला चांगला जाब विचारते."